रुक्माबाईची जीभ

हुनशीवाडीत कुणाच्या डोळ्यात काही गेलं, की तो माणूस डोळा धरून रुक्माबाईच्या सोप्यात यायचा. निपाणी काही लांब नव्हती. तिथं डोळ्यांचे दवाखाने होते, चष्म्यांची दुकानं होती. पण कुसळ काढावं तर रुक्माबाईनंच, असं वाडीचं ठरलेलं होतं. ती माणसाला खांबाला टेकवून उजेडाकडं तोंड करून बसवायची. मीठपाण्यानं चूळ भरायची, दोन बोटांनी पापणी उलटी करायची आणि बुबुळावरून जीभ अशी फिरवायची, की माणूस "आई गं" म्हणेपर्यंत कुसळ तिच्या जिभेच्या टोकावर आलेलं असायचं. मग ती ते तळहातावर घेऊन दाखवायची. दाखवल्याशिवाय कुणाला सोडायची नाही. कामाचा पुरावा द्यावा, असं तिचं म्हणणं.

ही विद्या तिला सासूकडून आली होती. देताना सासूनं दोनच अटी घातल्या होत्या: कुणाकडून काही घ्यायचं नाही आणि कुणाला नाही म्हणायचं नाही. मिश्रीबद्दल सासू काही बोलली नव्हती, कारण सासूच्याच हिरड्या मिश्रीनं काळ्या झालेल्या. निपाणीचा मुलूख तंबाखूचा. तव्यावर तंबाखू जाळून केलेली काळी पूड दातांना घासल्याशिवाय बायकांची सकाळ उजाडत नसे. रुक्माबाई मिश्री लावायची, खळखळून चूळ भरायची, आणि तिच्या मते तिचं तोंड देव्हाऱ्यासारखं स्वच्छ व्हायचं.

शेजारच्या मळ्यातले बाबगोंडा आप्पा जैन, पाणी गाळल्याशिवाय ओठाला न लावणारे. पण डोळ्यात भुसा गेला की तेही येऊन खांबाला टेकत. "रुक्माक्का, तुझी जीभ म्हणजे लई गुणाची," असं म्हणत उठत. हे ऐकलं, की रुक्माबाईची मान दोन बोटं वर व्हायची. नवऱ्याच्या मागं एकटीनं शेत राखलेली बाई ती, कौतुक फारसं वाट्याला आलं नव्हतं. एवढं एक होतं, ते तिनं जिवापाड जपलं होतं.

त्या साली ऊस तोडायला टोळी आलीच नाही. आज येते, उद्या येते म्हणता म्हणता उसाला तुरे आले, पाचट वाळून खडखडायला लागलं. शेवटी रुक्माबाईचा मुलगा युवराज म्हणाला, "आई, आपुनच कोयतं धरूया. कुणाची वाट बघायची?" मग युवराज, त्याची बायको सौम्या आणि रुक्माबाई अशी तिघं पहाटेच्या दवातच सरीत उतरायला लागली. युवराज बुडख्यात कोयता घालायचा, सौम्या ऊस साळून मोळ्या बांधायची, आणि रुक्माबाई म्हशीसाठी वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करायची. उसाच्या पानांवरची बारीक कूस मानेत शिरायची, घामावर चिकटायची. संध्याकाळी अंगावर पाणी घेतलं, की पानांनी कापलेल्या रेघा मिरची लावल्यागत झोंबायच्या.

सौम्या चिकोडीकडची. माहेरी कानडी बोलणारी, इथं येऊन मराठी शिकलेली, कमी बोलणारी. वाडीतल्या निम्म्या बायकांची झंपरं तिच्या मशीनवर शिवली जायची. त्या दिवशी ती मोळी ओढत होती. वरचं एक पान अडकलं, ताणलं गेलं आणि सुटलं ते सरळ तिच्या डाव्या डोळ्यावर बसलं. ती खालीच बसली.

"काय झालं गं?" रुक्माबाई वाढं टाकून धावली.

"पान लागलं आत्ती."

रुक्माबाईनं बांधावरच्या घागरीतलं पाणी घेऊन चूळ भरली. तिथंच बांधावर सुनेचं डोकं मांडीवर घेतलं आणि जीभ फिरवली. एकदा फिरवली, दोनदा फिरवली. जिभेला काही लागलं नाही.

"काय न्हाय आत. नुसतं लागलंय. बस जरा सावलीला, जाईल."

गेलं मात्र नाही. डोळा लाल झाला, मग सुजला. पाण्याची धार लागली. सौम्याला उजेड सोसेना. ती डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून चुलीपुढं बसायची. रुक्माबाई सकाळ-संध्याकाळ जीभ फिरवायची, एरंडेलाचं बोट घालायची, कडेला साचलेला पिवळा चिकटा पदरानं पुसून टाकायची. शिलाई मशीन कोपऱ्यात झाकून पडलं.

"आत्ती, एकदा डॉक्टरला दाखवूया काय?" सौम्यानं एकदा हळूच विचारलं.

"माझ्या जिभेवर इस्वास न्हाय व्हय तुझा? आख्ख्या वाडीचं डोळं राखलं मी. घरच्या सुनंचं राखू शकत न्हाय?"

सौम्यानं पदर पुन्हा नाकापर्यंत ओढला. युवराज दारात कोयता घासत होता. त्याचा हात थांबला, आणि मग कोयता पुन्हा दगडावर फिरायला लागला. आईच्या त्या विद्येविरुद्ध बोलायचं म्हणजे आजीच्या फोटोविरुद्ध बोलल्यासारखं होतं.

मग एका दुपारी सौम्या जेवायला वाढत होती. तिनं युवराजला आमटीचा डाव ओतला तो ताटात न पडता सारवलेल्या जमिनीवर पडला. ती तशीच डाव धरून उभी राहिली. युवराजनं उठून तिचा पदर मागं सारला आणि दारातल्या उजेडात डोळा उघडून बघितला. काळ्या बुबुळावर कापसाचं बोंड फुटावं तसा पांढरा ठिपका होता.

"आई," तो म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा आईवर त्याचा आवाज चढला, "आता तुझी जीभ बास कर!"

निपाणीच्या डॉक्टरनं डोळा बघितला आणि हात न लावता बेळगावला जायला सांगितलं. रुक्माबाईही गाडीत बसली. सुनेच्या काळजीनं बसली हे खरं, पण हिला लवकर मोकळी करून संध्याकाळी म्हशीच्या धारेला घरी आणायची, हेही तिच्या मनात होतं. बेळगावच्या अलीकडची काकती मागं पडली तरी ती खिडकीबाहेरच बघत होती. युवराजचा तो शब्द तिला कोयत्यागत लागला होता.

टिळकवाडीतल्या त्या दवाखान्यात डॉक्टरही बाईच होती, विद्युल्लता नावाची. केस पिकायला लागलेली, बोलणं शांत. तिनं सौम्याची हनुवटी यंत्रावर टेकवून बराच वेळ डोळा बघितला.

"कशानं लागलं?"

"उसाचं पान," युवराज म्हणाला.

"त्यावर काय घातलंत?"

युवराज फरशीकडं बघायला लागला. रुक्माबाईनं मात्र सगळं सांगितलं. जीभ, मीठपाणी, एरंडेल, सासूची विद्या, सगळं ताठ मानेनं सांगितलं. डॉक्टरबाई ओरडली नाही. तिनं सौम्याच्या डोळ्यात बधिर करायचे थेंब घातले आणि बारीक पात्यानं त्या पांढऱ्या ठिपक्याची कड खरवडून काचेच्या पट्ट्यांवर घेतली. पात्याच्या टोकावर आलं ते तिळाच्या शंभराव्या भागाएवढंही नव्हतं. रुक्माबाई मनात म्हणाली, एवढ्याशात काय दिसणार हिला?

थोड्या वेळानं डॉक्टरबाई आतल्या खोलीतून परत आली. "बुरशी आहे. हिला इथं राहावं लागेल. तासातासाला औषध, रात्रीसुद्धा. नंतर घरीही कितीतरी आठवडे. यात हयगय केली तर डोळा जाईल."

"ऱ्हायला कोण मोकळं हाय बाई?" रुक्माबाई म्हणाली. "ऊस हुबा हाय, म्हस हाय. आनि बुरशी काय भाकरीवर येती, माणसाच्या डोळ्यात कशी येईल? मी स्वता जीभ फिरवून बघितलंया. आत काय सुदीक न्हाय."

डॉक्टरबाईनं आतल्या खोलीचं दार उघडलं. मग म्हणाली, "तुमच्या जिभेला लागत नाही, असं आहे ते. या आत. तुम्हीच बघा."

आतल्या खोलीत टेबलावर पांढरं, मान वाकवलेलं यंत्र होतं. रुक्माबाईनं त्याला डोळा लावला, तर आधी काळोख दिसला, मग स्वतःच्याच पापणीचे केस. "काय दिसत न्हाय," ती म्हणाली, आणि मनातून जरा बरंही वाटलं तिला. डॉक्टरबाईनं तिचं डोकं हलकं मागं घेतलं, बाजूचं चाक फिरवलं. एकदम उजेडाची वाटोळी भाकरी डोळ्यापुढं आली. ती पुसट होती, मग ठळक झाली. आणि त्या उजेडात, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, पेरापेरांचे धागे पसरले होते. एकातून दुसरा फुटलेला, दुसऱ्यातून तिसरा, एकमेकांत शिरून गुंतलेले.

रुक्माबाई यंत्रावर आणखी वाकली. हे तिनं जन्मभर बघितलं होतं, खुरप्याच्या टोकाशी, गुडघ्यावर बसून.

"हरळी," ती पुटपुटली. "ही तर हरळी हाय की वो बाई! ह्या हरळीच्या मुळ्या. कुठं हाय ही?"

"सुनेच्या डोळ्यात."

रुक्माबाईनं यंत्रावरून डोळा काढला, टेबलावरच्या काचेच्या पट्टीकडं बघितलं. पट्टीवर नुसता ओला डाग होता. पुन्हा डोळा लावला. हरळी तिथंच होती. तिनं टेबलाची कड धरली. हरळी कशी असते हे तिला कुणी शिकवायला नको होतं. वरून उपटली तरी खाली धावतच राहते, एक पेर राहिलं तरी सगळी सरी खाते. हिरवं शेत पडीक करते.

"हरळी काय एका खुरपणीत जात न्हाय," ती आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाली.

"नाही जात," डॉक्टरबाई म्हणाली. "म्हणूनच तासातासाला."

"मग ऱ्हाऊ दे तिला. मी बी ऱ्हाते." ऊस, म्हैस, संध्याकाळची धार यातलं काहीच तिच्या तोंडून पुन्हा आलं नाही. मात्र ती खोलीतून हललीही नाही. बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "बाई, खरं सांगा. ह्या हरळीचं बी माझ्या जिभेनं पेरलं काय?"

"बुरशी पानावरूनच गेली असणार. तुमच्या जिभेनं त्यात किती भर घातली, ते मला सांगता येणार नाही. पण जीभ स्वच्छ असते असं तुम्हाला वाटतं ना? बघायची?"

रुक्माबाईनं मान डोलावली. मग कोपऱ्यातल्या बेसिनवर जाऊन दोनदा, तीनदा, खळखळून चूळ भरली. परीक्षेला बसायचं तर तयारीनं बसावं. डॉक्टरबाईनं चपट्या काडीनं तिची जीभ, गालाची आतली बाजू आणि दाताची कड हलकेच खरवडली, निघालं ते काचेवर पाण्याच्या थेंबात कालवलं आणि पट्टी यंत्राखाली सरकवली.

या खेपेला रुक्माबाईला बघायची रीत सापडली होती. उजेडात फरशीचे वेडेवाकडे तुकडे पडावेत तसं काहीतरी होतं. पातळ, पारदर्शक, कडा दुमडलेल्या, प्रत्येकाच्या मध्ये एक ठिपका.

"ह्या तुमच्या गालाच्या पेशी," डॉक्टरबाई सांगत होती. "तुम्ही अख्ख्या अशाच बांधलेल्या आहात. मी पण, सौम्या पण. प्रत्येक पेशी जिवंत असते."

"म्हंजे ही मी?"

"हो, तुम्हीच."

साठी उलटलेली रुक्माबाई पहिल्यांदा स्वतःला बघत होती. आरशात चेहरा बघणं वेगळं होतं, हे त्याच्या आतलं होतं. मग त्या फरश्यांवर काळे कोळशासारखे कण दिसले. "ते काळं काय हाय?"

"तुम्हीच ओळखा."

ओळखायला वेळ लागला नाही. मिश्री होती ती. तीनदा चूळ भरून, देव्हाऱ्यासारख्या तोंडात, तीच मिश्री. रुक्माबाईची कानशिलं तापली. डॉक्टरबाईनं आणखी एक भिंग फिरवून आणलं, उजेड कमी केला, "आता घाई करू नका, नुसतं बघत राहा," म्हणाली.

आणि मग ते हललं.

आधी तिला वाटलं, आपलाच डोळा लवतोय. पण नाही. फरश्यांच्या मधल्या पाण्यात बारीक काड्या सुळकन इकडून तिकडं जात होत्या. काही थबकून वळत होत्या. एक मळसूत्रासारखं गिरकी घेत उजेडाच्या कडेबाहेर गेलं. जिथं बघावं तिथं गर्दी होती. यात्रेच्या दिवशी देवळाच्या माळावरही इतकी नसते. कुणाला कुणाची ओळख नाही, कुणाला तिचा पत्ता नाही, आणि सगळे तिच्या तोंडात नांदत होते. ती बोलत होती, जेवत होती, सुनेवर ओरडत होती, तेव्हाही ते असेच चाललेले होते.

रुक्माबाईला भीती वाटली. पण भीतीपेक्षा मोठं काहीतरी वाटलं, त्याला तिच्याकडं नाव नव्हतं. हात जोडावेसे वाटले. कुणाला जोडायचे ते मात्र कळेना.

"हे... सगळ्यांच्या तोंडात?"

"सगळ्यांच्या. तोंडात राहिले तर बहुतेक काही बिघडवत नाहीत. पण जखमेवर त्यांना नेऊन सोडायचं नसतं."

सासूचा चेहरा रुक्माबाईच्या डोळ्यांपुढं येत होता. त्या बिचारीला काय ठाऊक होतं? तिला कुणी हे दाखवलंच नव्हतं.

डॉक्टरबाईनं शेवटची एक पट्टी लावली. "हीसुद्धा सुनेच्या डोळ्यातलीच. डोळ्याच्या कडेचा चिकटा, जो तुम्ही पुसत होता तो."

त्यात गोल गोल दाणे होते, एकमेकांना खेटून, ढिगानं. "ह्या पांढऱ्या पेशी, हिच्या रक्तातून आलेल्या. बुरशी शिरली तेव्हापासून तिच्याशी झगडताहेत. झगडता झगडता मरतात, त्याचाच हा चिकटा होतो."

रुक्माबाईनं डोळा बाजूला केला आणि तिला रडू फुटलं. घाण म्हणून पदरानं पुसलं होतं तिनं. आपण इथं नाही म्हणत बसलो होतो, मानासाठी अडून बसलो होतो, आणि त्या पोरीच्या अंगात, कुणी न बोलावता, ही एवढी मंडळी, एकमेकांच्या शेतात राबायला पैऱ्याला यावी तशी, येऊन राबत होती आणि मरत होती.

त्यानंतर रुक्माबाई दवाखान्यात राहिली. तासातासाला नर्सच्या आधी तीच उठून बसायची. साबणानं हात इतके धुवायची, की बोटांची कातडी सुरकुतली. सौम्याची खालची पापणी ओढून थेंब सोडताना तिचे ओठ घट्ट मिटलेले असायचे, जणू तोंडातलं कुणी बाहेर पडेल. मिश्रीची डबी तिनं पहिल्याच सकाळी टाकून दिली. दोन-चार दिवस डोकं दुखून बेजार झाली, तरी दुसरी मागवली नाही. इकडं युवराजनं पैऱ्यावर माणसं मिळवून ऊस तोडला. तुरे आलेल्या उसाचं वजन घटलं ते घटलंच.

घरी आल्यावर काही दिवसांनी बाबगोंडा आप्पा डोळा धरून आले आणि सवयीनं खांबाला टेकले. "मळणीचा भुसा गेलाय बघ रुक्माक्का. फिरीव जीभ."

"न्हाय आप्पा. आता जीभ लावत न्हाय मी."

"का गं? विद्या उलटली व्हय तुझी?"

सोप्यात दोन-तीन बायका बसल्या होत्या, त्यांच्या माना वळल्या. सासूची दुसरी अट रुक्माबाई सगळ्यांच्या देखत मोडत होती, आणि तिचा चेहरा उतरला. आत सौम्या पडद्याआड थेंब घालून पडली होती. तिला सगळं ऐकू जात होतं.

"उलटली न्हाय," रुक्माबाई म्हणाली. "मी बघून आलेय. बेळगावला माझी जीभ काचंवर घेऊन दाखवली बाईंनी. लई जीव हायत वो आप्पा तिच्यावर. चालत्यात, फिरत्यात, वळत्यात. सौम्याच्या जखमंवर मी त्यांस्नी नेऊन सोडत हुते. आता कुणाच्याच डोळ्यात न्हाय सोडणार."

आप्पा एक डोळा मिटून तसेच बसले. त्यांचा आवाज खाली आला. "आमचं महाराज सांगत्यात, न दिसणारं जीव सगळीकडं भरल्यात म्हणून. आम्ही ऐकतो आनि पाणी गाळतो. तू तर डोळ्यानं बघून आलीस."

"व्हय. बघितलं."

"कसं दिसतंय गं?"

रुक्माबाईनं तोंड उघडलं आणि तिला सांगता येईना. तिनं उकळून निवलेल्या पाण्याची झारी आणली आणि आप्पांच्या डोळ्यावर बारीक धार धरली. भुसा निघाला नाही. मग तिनं युवराजला हाक मारली आणि गाडीवर बसवून त्यांना निपाणीला डॉक्टरकडं पाठवलं. तळहातावर दाखवायला तिच्याकडं या खेपेला काही नव्हतं. सोप्यातल्या बायका एकमेकींकडं बघत उठून गेल्या. वाडीत त्याच दिवशी झालं, की रुक्माबाईचा गुण गेला. तिला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पण ती थेंबांची वेळ झाली म्हणून आत गेली.

होळी उलटल्यावर शेवटच्या तपासणीला दोघी सासू-सुना बेळगावला गेल्या. रुक्माबाईच्या पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळलेला, परड्यातल्या भोपळ्याच्या वेलाचा कोवळा शेंडा होता. मागं एकदा तिनं विचारलं होतं, "बाई, झाडापाल्यात बी असतंय व्हय असं?" तेव्हा डॉक्टरबाई हसून म्हणाली होती, "भोपळ्याच्या वेलाची लव आणा एकदा. त्यात दिसतं." ते तिनं ध्यानात ठेवलं होतं.

डॉक्टरबाईनं सौम्याचा डोळा बघितला. पुष्कळ वेळ बघितला. रुक्माबाई पिशवी छातीशी धरून उभी होती.

"बुरशी गेली," डॉक्टरबाई म्हणाली. "एक वण राहिलाय, तो राहणारच. पण तो कडेला आहे. समोरचं दिसायला हवं."

"दिसायला हवं" म्हणजे दिसतंय का, हे रुक्माबाईला कळेना. सौम्या काही सांगत नव्हती. इतके दिवस तिनं तो डोळा उघडून बघायचीच भीती धरली होती. उजव्यावरच सगळं भागवत होती. मशीन अजून झाकलेलंच होतं.

रुक्माबाईनं फडकं सोडलं. "बाई, हे घ्या. भोपळ्याची लव. मला नगा दाखवू, मी बघितलंय माझं. हिला दाखवा."

डॉक्टरबाईनं चिमट्यानं एक केस उचलून थेंबात ठेवला आणि चाक फिरवून नीट केलं. सौम्या यंत्रावर वाकली, ती सवयीनं उजवा डोळा लावायला.

"तो न्हवं," रुक्माबाई म्हणाली. तिनं पुढं होऊन, साबणाचा वास असलेला आपला तळवा सुनेच्या उजव्या डोळ्यावर ठेवला. "त्या डोळ्यानं बघ पोरी."

सौम्या वाकून राहिली. खोलीत पंखा फिरत होता, बाहेर कुणीतरी कानडीत नंबर पुकारत होतं. रुक्माबाईच्या तळव्याखाली पापणी फडफडत होती. दिसत असतं तर बोलली असती, असं रुक्माबाईच्या मनात आलं.

"काय दिसतंय काय गं?"

मग सौम्याचा हात वर आला, चाचपडत, आणि त्यानं सासूचं मनगट घट्ट धरलं.

"आत्ती," ती म्हणाली, इतक्या हळू, की ऐकायला रुक्माबाईला वाकावं लागलं, "हिरव्या काचंची नळी हाय. आनि तिच्या आत बारीक बारीक दाणं चाललेत. एका रेघंनं जात्यात, भिंतीपाशी वळत्यात, परत येत्यात. थांबतच न्हाईत."

"व्हय?" रुक्माबाईच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं होतं, पण तळवा तिनं हलवला नाही. "मग झालं तर. चल आता, गाडी चुकंल."

"हात काढू नगा आत्ती," सौम्या म्हणाली. "अजून थोडं बघू द्या."